चुन्याची डबी आणि ८३ सिद्धान्त

लासलगावच्या कांद्याच्या बाजार आवारात लिलाव सुरू व्हायच्या आधीच ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागलेल्या असतात. लांबच्या गावचा शेतकरी पहाटेच, कधी रात्रीच घरून निघालेला असतो. ट्रॉलीवरची ताडपत्री अर्धी सारायची, चाकाला टेकून बसायचं आणि तंबाखू मळायला घ्यायची. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखावर येईल एवढा चुना, अंगठ्याचा दाब, दोन थापा. मग तो तळहात शेजारच्या ट्रॉलीवाल्यापुढे जातो. ओळख असायलाच हवी असं नाही. "घ्या दादा." तिथून भाव, पाऊस, निर्यातबंदी, पोरीचं लग्न असं सगळं बोलणं सुरू होतं.

पुडीवर सडलेल्या तोंडाचं चित्र असतं. २०१६ पासून कायद्याने पुडीच्या ८५ टक्के जागेवर हा इशारा छापावा लागतो. एकदा मी एका हमालाला विचारलं, "मामा, हे चित्र बघता का?" ते म्हणाले, "रोज बघतो की. दिवसातून आठ-दहा वेळा." आणि पुडी बंडीच्या खिशात गेली.

लोकांनी आपल्या सवयी कशा बदलाव्यात, रोग येण्याआधीच तो कसा टाळावा, यावर गेल्या सत्तर वर्षांत जगभर प्रचंड लिहिलं गेलं. सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली वर्तनबदलाचे सिद्धान्त एका पुस्तकात गोळा केले, तेव्हा ते ८३ भरले. एवढे सिद्धान्त असून मामांची पुडी खिशातच आहे. मग हे सिद्धान्त निरुपयोगी म्हणायचे का? माझं मत तसं नाही. आपल्या आरोग्य मोहिमांनी या ८३ पैकी फार तर एक उचलला, आणि तोही अर्धाच, असं मला वाटतं. त्याचीच ही तपासणी.

सुरुवात क्षयरोगापासून झाली. १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने छातीच्या एक्स-रेच्या गाड्या वस्त्यावस्त्यांत नेऊन उभ्या केल्या. तपासणी फुकट, घराजवळ. तरी लोक येईनात. का येत नाहीत, याचा शोध हॉखबाउम, रोझेनस्टॉक आणि त्यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी घेतला आणि त्यातून आरोग्यविषयक समजुतींचा आराखडा तयार झाला. माणूस मनात काही हिशेब करतो, असं हा आराखडा सांगतो. हा रोग मला होईल का? झाला तर किती वाईट? सांगितलेला उपाय केला तर फायदा किती? आणि तो करताना अडचणी कोणत्या? शिवाय कृतीला धक्का देणारं काहीतरी लागतं: डॉक्टरांचं बोलणं, शेजाऱ्याचं आजारपण, एखादी बातमी.

यातले पहिले दोन प्रश्न आपल्या मोहिमांनी घट्ट धरले. रोग वाईट आहे आणि तुम्हालाही होऊ शकतो, एवढंच पोस्टर, पथनाट्य आणि शाळेतल्या भाषणांतून सांगितलं जातं. आता जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाचे २०१६-१७ चे आकडे पाहा. भारतात धूरविरहित तंबाखूने गंभीर आजार होतो असं मानणारे प्रौढ जवळपास ९६ टक्के होते. तंबाखू चघळणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे ती सोडायचा विचार करत होते. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ४ टक्क्यांच्या आत, पण धूरविरहित तंबाखू वापरणारे २४ टक्क्यांच्या वर. म्हणजे आपला प्रश्न मुख्यतः तळहातावरच्या तंबाखूचा आणि चुलीपाशी भाजलेल्या मशेरीचा आहे, आणि माहिती कमी पडते आहे असं म्हणायला जागा नाही. ९६ टक्क्यांना जे ठाऊक आहे तेच त्यांना पुन्हा ओरडून सांगण्यात पैसा जातो.

भीती कामाला येत नाही असं मी म्हणत नाही. पण बाहेर पडायची वाट दिसत असेल तरच ती कामाला येते. वाट नसेल तर माणूस भीतीकडेच पाठ फिरवतो. 'आमचे आजोबा नव्वद वर्षं खात होते' हे वाक्य मी प्रत्येक गावात ऐकलं आहे. ते अज्ञानातून येत नाही. घाबरलेला माणूस स्वतःची समजूत काढत असतो.

आराखड्यातले फायद्याचा आणि अडचणींचा हे तिसरा-चौथा प्रश्न आपण सोडून दिले, आणि खरं उत्तर तिथेच होतं. हमालाला तंबाखू कशाला लागते? गोण्या उचलताना अंगात तरतरी राहते, भूक मरते, दाढ दुखत असली तर ठणका कमी होतो. चुन्यामुळे तोंडातली क्षारता वाढून निकोटिन झपाट्याने रक्तात उतरतं, त्यामुळे तलफ भागते लगेच आणि पुन्हा लागतेही लवकर. कांद्याच्या खळ्यावर दिवसभर बसून प्रतवारी करणाऱ्या बायांपैकी कुणी सांगते की मशेरी लावल्याशिवाय सकाळी पोट साफ होत नाही. यातली एकही गोष्ट पोस्टरवर नसते. 'सोडा' म्हणताना त्या जागी काय ठेवायचं, हे कुणी सांगत नाही.

अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते. एखादी गोष्ट फायद्याची आहे हे पटणं एक, आणि ती *मला* जमेल हा भरवसा असणं दुसरं. हा भरवसा भाषणाने फारसा येत नाही. स्वतः थोडंसं करून पाहिल्याने येतो, नाहीतर आपल्यासारख्याच कुणीतरी केलेलं बघून येतो. 'आपल्यासारख्याच' या शब्दावर भर हवा. नाशिकहून आलेला दंतवैद्य कधीच तंबाखू खात नव्हता. त्याचं उदाहरण हमालाच्या काय उपयोगाचं? त्याच टोळीतल्या एखाद्या मुकादमाने सोडली असेल तर ती गोष्ट निराळी.

आयझेक आयझेन यांच्या नियोजित वर्तनाच्या सिद्धान्तात आणखी एक धागा आहे: आजूबाजूचे लोक माझ्याकडून काय अपेक्षा करतात असं मला वाटतं. रांगेत पुढे झालेला तो तळहात आठवा. तंबाखू नाकारणं म्हणजे नुसती तंबाखू नाकारणं राहत नाही; समोरच्याची ओळख नाकारल्यासारखं वाटतं. हळदीकुंकवाला गेलेल्या बाईने कुंकू न लावता परत यावं, तसं. म्हणून एकट्याने सोडायचा निश्चय करणारा माणूस तिसऱ्या दिवशी रांगेत मोडतो. त्याचा निश्चय कमी पडला असं आपण म्हणतो. बहुतेक वेळा त्याला नम्रपणे नाही म्हणायची रीतच उपलब्ध नसते.

बदलाच्या पायऱ्यांचा सिद्धान्त प्रोचास्का आणि डिक्लेमेन्टे यांनी १९८३ च्या सुमारास धूम्रपान सोडणाऱ्यांचा अभ्यास करून मांडला. आधी विचारही नाही, मग विचार, तयारी, कृती, टिकवणं. आशाताईंच्या प्रशिक्षणात, समुपदेशकांच्या तक्त्यांवर या पायऱ्या हमखास सापडतात, कारण चित्र काढायला सोप्या आहेत. टीकाही तितकीच झाली. रॉबर्ट वेस्ट या अभ्यासकाने २००५ मध्ये 'अॅडिक्शन' या नियतकालिकात हा सिद्धान्त आता निवृत्त करावा, असंच लिहिलं. माणसं पायरी-पायरीने चढत नाहीत. कित्येक जण एका सकाळी, काही तयारी नसताना, सोडून मोकळे होतात. मला वेस्ट यांचं पटतं. तरी पायऱ्यांची एक शिकवण ठेवण्यासारखी आहे: विचारही न करणाऱ्याला आणि आजच सोडायला निघालेल्याला एकच भाषण देऊ नये. आपल्या शिबिरांत नेमकं तेच होतं.

हे सगळं परदेशातलं, इथे काय, असं वाचकाला वाटत असेल. आंध्रातल्या चित्तूर जिल्ह्यात 'सुपरअम्मा' नावाचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. साबणाने हात धुवावेत यासाठी प्रयोगकर्त्यांनी जंतू, अतिसार, मृत्यू यांचं नावही फारसं घेतलं नाही. घाणीची किळस आणि मुलाला चांगलं वळण लावणाऱ्या आईची प्रतिष्ठा या दोन भावनांवर सगळा भर दिला: नाटुकल्या, चित्रफिती, गावात जाहीर शपथ. सहा महिन्यांनी त्या गावांत योग्य वेळी साबणाने हात धुण्याचं प्रमाण ३७ टक्क्यांवर गेलं, आणि तुलनेच्या गावांत ते ६ टक्के होतं. उरलेल्या ६३ टक्क्यांचा प्रश्न राहतोच. पण आरोग्याचं नाव न घेता आरोग्याची सवय लागू शकते, हे मोजून दाखवलं गेलं.

मराठी मुलखात हे सिद्धान्ताशिवाय आधीच घडत होतं. गाडगेबाबा गावात येत, दिवसभर खराट्याने रस्ते झाडत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. कीर्तनात ते प्रश्न विचारत. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून काढून घेत. माणसाला त्याचं स्वतःचं कारण त्याच्याच तोंडून बोलायला लावायचं, हे तंत्र मिलर आणि रोलनिक यांनी १९८० नंतर समुपदेशनासाठी बांधून काढलं. बाबांनी त्याला नाव दिलं नव्हतं. र. धों. कर्वे यांची कथा मात्र उलट्या टोकाची. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवलं. खटले झाले, १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्व्यांकडे तर्क होता, माहिती होती, धैर्य होतं. नव्हती ती सोबत. एकट्याने नाकारलेला तळहात किती महाग पडतो, ते त्यांच्या आयुष्यात दिसतं. पुढे एक पिढी गेल्यावर तीच गोष्ट सरकारी दवाखान्यात फुकट मिळू लागली.

जामखेडला १९७० च्या दशकात रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत उभी केली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निबंधानुसार तिथला नवजात मृत्युदर तुलनेत ६२ टक्क्यांनी घटला. बाळाला लगेच आंघोळ घालू नये, उबेत ठेवावं, पहिलं दूध टाकून देऊ नये, हे सांगणारी बाई त्याच आळीतली होती, आणि बाळ आजारी पडलं तर हातात औषध घेऊन तीच येणार होती. या दुसऱ्या गोष्टीकडे पुष्कळांचं दुर्लक्ष होतं. उपदेशाच्या मागे सेवा उभी होती, म्हणून उपदेश ऐकला गेला.

उलट उदाहरणंही आपलीच. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावागावांत चढाओढ लागली, बक्षिसासाठी रात्री जागून गटारं काढली गेली. गावाचा अभिमान ही फार मोठी ताकद आहे, आणि ती त्या वर्षांत दिसली. पण पुढे हागणदारीमुक्तीच्या नावाखाली 'गुड मॉर्निंग पथकं' आली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या माणसाला अडवायचं, फूल द्यायचं, फोटो काढायचा. ही लाज कुणाच्या वाट्याला आली? ज्याच्याकडे संडासाला जागा नव्हती, पाणी नव्हतं, त्याच्या. माझा निकाल सांगतो: लाज वाटायला लावून बदललेली सवय पथक असेपर्यंत टिकते. पथक गेलं की नवीन संडासात सरपण भरलेलं दिसतं, आणि मी ते पाहिलेलं आहे.

मिची, व्हान स्ट्रालेन आणि वेस्ट यांनी २०११ मध्ये सगळ्या सिद्धान्तांचा अर्क काढून तीन शब्द ठेवले: क्षमता, संधी, प्रेरणा. कोणतीही सवय बदलायला या तिन्ही लागतात, आणि आधी विचारायचं ते हे की यातलं नेमकं अडलंय काय. वरवर साधी वाटणारी ही मांडणी मला सगळ्यात कामाची वाटते. तिच्या साह्याने लासलगावच्याच निफाड तालुक्यातली एक गोष्ट नीट उलगडते.

हा तालुका कांद्याइतकाच द्राक्षांचा. २०१० च्या हंगामात भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश मणी तपासताना मर्यादेपेक्षा जास्त निघाले होते. बागायतदारांचं जबर नुकसान झालं. त्यानंतर काय झालं ते बघा. निर्यातीच्या बागा आधीच 'ग्रेपनेट' या नोंदणी व्यवस्थेत नोंदवल्या जात होत्या. आता फवारणीच्या नोंदवह्या, शेवटच्या फवारणीनंतरचे थांबायचे दिवस, काढणीआधी प्रयोगशाळेचा अहवाल, या गोष्टी सातवी-आठवी शिकलेले शेतकरीही तोंडपाठ सांगू लागले. कुणाच्याही आरोग्यजागृती मोहिमेशिवाय लंडनच्या गिऱ्हाइकाच्या पोटात जाणारं औषध कमी झालं.

आणि त्याच बागेत फवारणी करणारा गडी? उघडे हात, तोंडाला उपरणं. यवतमाळमध्ये २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा हातमोजे आणि मास्क वाटले गेले, शिबिरं झाली. मोजे घालून नळीची चावी फिरत नाही, उकाड्यात मास्कमध्ये जीव घुसमटतो, अशी उत्तरं आली आणि ती खरी होती. मण्यावरचा अंश मोजला जातो, त्यावर भाव ठरतो. गड्याच्या रक्तातला अंश कुणी मोजत नाही. बाग तीच, औषधही तेच. फरक पडला तो संधीत आणि किमतीत. हे पाहिल्यावर 'शेतकरी अडाणी आहेत, ऐकत नाहीत' असं म्हणणाऱ्या व्यासपीठावर मला बसवत नाही.

लासलगावची आणखी एक गोष्ट, आरोग्याशी वरवर संबंध नसलेली. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या या बाजार समितीत अमावस्येला लिलाव बंद ठेवायची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालली. अमावस्येला व्यवहार करू नये, एवढंच कारण. गेल्या काही वर्षांत ती रीत मोडून लिलाव सुरू झाले. अंधश्रद्धा निर्मूलनाची भाषणं कित्येक वर्षं होत आली होती. रीत मोडली ती बाजार समितीने दार उघडलं आणि व्यापारी-शेतकरी आत आले तेव्हा. दार उघडं असलं की मनात शंका ठेवूनही माणूस आत येतो, आणि काही वाईट झालं नाही की शंका विरते. आधी मन बदलेल, मग वागणं, असा क्रम आपण गृहीत धरतो. इथे तो उलटा लागला.

कायद्याचं बळ म्हणाल तर निकाल संमिश्र आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, आणि पानमसाला व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत घेऊन टपरीपुढेच एकत्र करणारे तरुण सगळ्यांनी पाहिले आहेत. गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकांच्या आंदोलनातून दारूबंदी आली आणि टिकली. शेजारच्या चंद्रपूरची २०१५ ची बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. नुसती बंदी किंवा नुसती जागृती पुरी पडत नाही. गडचिरोलीत २०१६ पासून 'मुक्तिपथ' या अभियानाने गावसंघटना, उपचार आणि अंमलबजावणी एकत्र बांधायचा प्रयत्न केला आहे; बाकीच्या जिल्ह्यांनी निदान तो जाऊन पाहावा.

मग लासलगावात काय करता येईल? नवं पोस्टर नको, एवढं तरी मी नक्की सांगेन. ट्रॉलीच्या रांगेत शेतकऱ्याचे तास दोन तास रिकामे जातात. दवाखान्यात जायला त्याला दिवस मोडावा लागतो. इथे तो आपणहून थांबलेला आहे. तोंड तपासायला एक बॅटरी, एक लाकडी पट्टी आणि पाच मिनिटं लागतात. पांढरा चट्टा, न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणं, एवढं पाहायला प्रशिक्षित परिचारिका पुरे. संशय आला तर पुढची तारीख आणि कुठे जायचं ते तिथेच लिहून द्यावं, आणि आठवड्याने फोन करावा. तंबाखू सोडलेल्या एखाद्या हमालाला वा मापाऱ्याला त्या टेबलापाशी बसवावं. त्याला मानधन द्यावं. रांगेत पुढे करायला काहीतरी हातात हवं म्हणून भाजक्या बडीशेपेच्या पुड्या ठेवाव्यात. हसू नका, तळहात रिकामा ठेवून कुणी ओळख करून घेत नाही. खळ्यांवर बायांसाठी पाण्याचा नळ, साबण आणि बसायला सावली, हे व्यापाऱ्यांनी करावं. हमालांच्या दाढा दाखवायला महिन्यातून एक दिवस दंतवैद्य आणावा, कारण दाढ दुखते तोवर तंबाखू सुटणार नाही. बाजार समितीला यातलं काहीच जड नाही.

आणि ज्याला कुणाची वाट न बघता सोडायची आहे त्याच्यासाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय क्रमांक आहे, फोन मोफत. २०१८ पासून तो पुडीवरच, त्या सडलेल्या तोंडाच्या चित्राशेजारी छापलेला असतो. पुडी फेकायच्या आधी तो मोबाइलमध्ये उतरवून घ्या.